नितळ पाणी, निर्मळ पाणी

आपले सोनाळा गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डोंगरात अंबाबरव्याचे जंगल आहे. जवळच वान नदी आहे. ती मेळघाटाच्या डोंगरातून खाली येते आणि पुढे पूर्णेला मिळते. वारी भैरवगडाजवळ या नदीवर धरण बांधलेले आहे. धरणाच्या जलाशयाला हनुमान सागर म्हणतात. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी गावांना याच धरणाचे पाणी नळाने जाते.

वारीला मारुतीचे देऊळ आहे. शनिवारी तिथे दर्शनाला गर्दी होते. सुटीच्या दिवशी तर विचारूच नका. बुलढाणा आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांतली माणसे येतात. कोणी रोडगे भाजतो, कोणी वांग्याची भाजी रांधतो. पोरे पाण्यात डुंबतात. बाया पाण्यात पाय सोडून गोष्टी करतात. वर्षभर उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला एक दिवस असा मिळाला, तर त्यात वाईट काय?

वाईट काहीच नाही. पण नदीवर जाताना दोन भीती ध्यानात ठेवाव्या. एक भीती खोल डोहाची. अशा डोहांत माणसे बुडालेली आहेत. ही भीती सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी भीती गुडघाभर पाण्यातही असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. आज मी तिच्याविषयी सांगणार आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

माझी चूक

१९८९ सालचा जानेवारी महिना होता. मी तेव्हा एका प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. चौथीच्या मुलांची सहल घेऊन मी डोंगराकडच्या एका नदीवर गेलो. चौतीस मुले होती. गावातून पाण्याचे दोन पिंप नेले होते. दुपारपर्यंत दोन्ही रिकामे झाले.

एक मुलगा आला आणि म्हणाला, "गुरुजी, पाणी सरलं. आता काय प्यावं?"

मी नदीकडे पाहिले. तळाचा एक एक गोटा मोजून घ्यावा, असे पाणी होते. मी म्हणालो, "अरे, आरशासारखं पाणी समोर आहे आणि विचारतोस काय? प्या खुशाल!"

मुले ओंजळीने पाणी प्याली. मीही प्यालो.

दुसऱ्या दिवशी सांजेला पहिल्या मुलाला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अकरा मुले आजारी पडली. उलट्या आणि जुलाब थांबेनात. नऊ मुले मीठ-साखरेचे पाणी पाजून घरीच सावरली. दोघांना तालुक्याच्या गावी दवाखान्यात न्यावे लागले. त्यांतल्या एकाचे डोळे खोल गेले होते. हाक मारली तर ओ देत नव्हता. तीन दिवस त्याला सलाईन लावलेले होते. मी त्याच्या खाटेजवळ बसून होतो. पोरगे वाचले.

त्याची आई मला रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "गुरुजी, तुमीच सांगतलं म्हणे, पाणी प्या म्हून."

त्या बाईचे ते वाक्य मी आजही विसरलो नाही.

आठ दिवसांनी मी पुन्हा त्या नदीवर गेलो. ज्या जागी मुले पाणी प्याली, तिथून काठाकाठाने वर चालत गेलो. नदीचे एक वळण ओलांडले. पलीकडे परगावाहून कामाला आलेल्या मजुरांच्या पाली होत्या. त्यांना संडास नव्हता आणि नळही नव्हता. ती माणसे नदीकाठीच बहिर्दिशेला बसत. तिथेच गुरे पाण्यात उभी होती. मजुरांना दोष कसा द्यावा? त्यांची सोय कोणी केलीच नव्हती. दोष माझा होता. नदी वळलेली होती म्हणून वरचे मला दिसले नाही. जंतूंना वळणाची अडचण नव्हती. ते वळण घेऊन खाली आले.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. नितळ पाणी वेगळे आणि निर्मळ पाणी वेगळे. ज्या पाण्याचा तळ दिसतो ते नितळ. ज्या पाण्यात मळ नाही ते निर्मळ. नितळपणा डोळ्यांना कळतो. निर्मळपणा तपासल्यावाचून कळत नाही.

वाघ दिसत नाही, पाऊल दिसते

पाण्यातून कोणते रोग येतात? कॉलरा, विषमज्वर, हगवण, एका प्रकारची कावीळ. हे सगळे रोग माणसाच्या विष्ठेतून पाण्यात जातात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. रोगाचे जंतू फार बारीक असतात. फूटपट्टीवर एक मिलिमीटरची बारीक रेघ असते. तेवढ्या जागेत आतड्यातले शेकडो जंतू एका रांगेत उभे राहतील. ते दिसणार कसे?

आणि जंतू काही एका जातीचे नसतात. दर वेळी प्रत्येक जातीचा शोध घेत बसले तर महिना जाईल आणि खर्चही फार होईल. म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली.

ती युक्ती आपल्या डोंगरातल्या माणसाला चटकन समजेल. अंबाबरव्याच्या जंगलात वाघ आहे. पण तो रोज दिसतो का? नाही. ओल्या मातीत त्याचे पाऊल दिसते. पाऊल दिसले की वनरक्षक म्हणतो, "इथून वाघ गेला आहे. सावध राहा."

पाण्याचेही तसेच आहे. माणसाच्या आणि गुरांच्या आतड्यात एक जंतू नेहमी राहतो. त्याचे नाव ई-कोलाय. १८८५ साली एशरिक नावाच्या जर्मन डॉक्टरने तो प्रथम शोधला. या जंतूच्या बहुतेक जाती कोणाचे काही बिघडवत नाहीत. पण हा जंतू पाण्यात सापडला तर त्याचा अर्थ एकच. या पाण्यात विष्ठा मिसळली आहे. आणि जिथे विष्ठा आली तिथे रोगाचे जंतूही येऊ शकतात. ई-कोलाय हे वाघाचे पाऊल समजा. पाऊल सापडले की वाघाची वाट पाहत बसू नये.

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते का?

आपल्याकडे म्हणतात, वाहते पाणी शुद्ध असते. यात थोडे खरे आहे आणि थोडे खोटे आहे.

पाणी खडकांवरून उड्या मारत जाते तेव्हा त्यात हवा मिसळते. हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळतो. त्याच्या जोरावर पाण्यातले चांगले सूक्ष्मजीव घाण खाऊन टाकतात. ऊन लागते, त्याने काही जंतू मरतात. गाळ खाली बसतो, त्याबरोबर काही घाण बसते. नदी स्वतःला धुते, हे खरे आहे. पण त्याला वेळ लागतो, अंतर लागते आणि भरपूर पाणी लागते. घाण थोडी आणि पाणी फार असेल तर नदी जिंकते. घाण फार आणि पाणी थोडे असेल तर नदी हरते.

आता आपल्या नद्या पाहा. पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात. होळीनंतर धार बारीक होते. पुढे पुढे नुसते डोह उरतात. म्हणजे ज्या दिवसांत ऊन तापते आणि पाण्यात डुंबावेसे वाटते, त्याच दिवसांत नदीची ताकद सर्वांत कमी असते.

आपल्या आज्या शहाण्या होत्या. त्या धारेतले पाणी पिण्यासाठी भरत नसत. काठच्या रेतीत झिरा खणत. झिऱ्यात पाणी पाझरून येई. रेतीची गाळणी होई आणि बरीच घाण रेतीतच अडकून राही. गावोगावी एक शिस्तही होती. वरच्या अंगाला पिण्याचे पाणी, त्याखाली आंघोळ, त्याखाली धुणे, सर्वांत खाली गुरे. त्यांना जंतू ठाऊक नव्हते. पण घाण वरून खाली येते, हे ठाऊक होते.

साचलेल्या पाण्याची गोष्ट तर आणखी वेगळी. १८८४ साली रॉबर्ट कॉख नावाचा जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्यास होता. तिथे एका तळ्याभोवती कॉलरा पसरला होता. लोक त्या तळ्यात आंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. कॉखने तळ्याचे पाणी तपासले. त्यात कॉलऱ्याचे जंतू सापडले. आजारी माणसाचे कपडे धुतलेले पाणी शेजाऱ्याच्या पोटात जात होते, आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

लोणारचे गुलाबी पाणी

आता उलट गोष्ट ऐका. ही आपल्याच जिल्ह्यातली आहे.

लोणारचे सरोवर जगात प्रसिद्ध आहे. आकाशातून उल्का पडली आणि काळ्या खडकात हा मोठा खळगा झाला. देशोदेशीची माणसे ते पाहायला येतात. २०२० सालच्या जून महिन्यात या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले. लोक घाबरले. कोणी म्हणाले, पाण्यात विष पडले. कोणी म्हणाले, हा देवाचा कोप आहे. तोंडाला येईल ते जो तो बोलू लागला.

मग काय केले? पाण्याचे नमुने घेतले. ते नागपूरच्या नीरी संस्थेकडे आणि पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेकडे तपासायला दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही याकडे लक्ष दिले. तपासणीत कारण सापडले. लोणारचे पाणी मुळातच खारट आहे. कडक उन्हाने ते आटले आणि मिठाचे प्रमाण वाढले. अशा पाण्यात मीठ आवडणारे काही सूक्ष्मजीव फार वाढतात. त्यांचा रंग गुलाबी असतो. त्यांच्यामुळे पाणी गुलाबी दिसत होते. त्यात विष नव्हते आणि कोपही नव्हता.

मंडळी, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. माझ्या सहलीचे पाणी आरशासारखे होते आणि त्याने अकरा मुले आजारी पाडली. लोणारचे पाणी रंगाने भीतिदायक होते, पण रंगाचे कारण साधे निघाले. दोन्ही ठिकाणी डोळे फसले. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. लोणारला खरे कळले ते तपासणीमुळे.

पाणी तपासतात म्हणजे काय करतात?

आंघोळीच्या आणि पोहण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशात नियम ठरलेले आहेत. ते केंद्र सरकारने घालून दिले आहेत. प्रयोगशाळा पाण्याला मुख्यतः चार प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न: पाण्याचा सामू किती? माती तपासून घेताना हा शब्द तुम्ही ऐकला असेल. सामू ७ असेल तर पाणी आंबटही नाही आणि तुरट-क्षारीही नाही. आंघोळीच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो.

दुसरा प्रश्न: पाण्यात प्राणवायू किती? मासे पाण्यातला प्राणवायू घेऊन जगतात. एक लिटर पाण्यात निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू पाहिजे. हे प्रमाण फार थोडे आहे. दहा लाख भाग पाण्यात पाच भाग. पण एवढाही उरला नाही तर मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. पुढे मरतात आणि पाणी कुजते.

तिसरा प्रश्न: पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते? घाण कुजताना प्राणवायू खर्च होतो. हा खर्च लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. संसारात मिळकतीपेक्षा खर्च वाढला की कर्ज होते. नदीचेही तसेच आहे.

चौथा प्रश्न सर्वांत मोठा: विष्ठेतले जंतू किती? १०० मिलिलिटर पाणी घेतात. म्हणजे साधारण अर्धा पेला. त्यात हे जंतू ५०० पर्यंत असावेत. फार झाले तर २५००. त्यापुढे ते पाणी आंघोळीला योग्य नाही. पिण्याच्या पाण्यात मात्र ई-कोलाय एकही चालत नाही.

नमुना घेण्याचीही रीत आहे. बाटली प्रयोगशाळेने दिलेली, जंतू मारून घेतलेली असावी. ती आतून विसळू नये. तोंडाला आणि बुचाला आत बोट लावू नये. काठाचे पाणी घेऊ नये. जिथे लोक आंघोळ करतात तिथलेच, धारेतले पाणी घ्यावे. बाटलीचे तोंड धारेच्या समोर धरून ती वीतभर खाली बुडवावी. थोडी जागा रिकामी ठेवून बूच लावावे. बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लिहावी. मग ती बर्फाच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवावी. फार तर चोवीस तासांच्या आत. उशीर झाला तर बाटलीतले जंतू वाढतात किंवा मरतात, आणि उत्तर चुकते.

तळ्यासाठी आणखी एक सोपी परीक्षा आहे. १८६५ साली सेक्की नावाच्या इटलीतल्या शास्त्रज्ञाने ती समुद्रात करून पाहिली. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची. थाळी दिसेनाशी झाली की दोरी किती गेली ते मोजायचे. महिन्यामहिन्याला ही खोली कमी होत गेली तर समजावे, तळ्यात गाळ किंवा शेवाळ वाढत आहे. शेतातले खत आणि धुण्याचा साबण वाहून तळ्यात आला की शेवाळ माजते. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय धरली तर त्या पाण्यात उतरू नये. गुरांनाही ते पाजू नये. काही जातींचे शेवाळ विषारी असते.

काळी झालेली बाटली

प्रयोगशाळा दूर असते. पण गावात करता येईल अशीही एक परीक्षा आहे. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघा शास्त्रज्ञांनी ती जगापुढे मांडली. एका लहान बाटलीत औषध घातलेले असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि बूच लावून बाटली उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे झाले, तर त्यात विष्ठेची घाण असल्याचा दाट संशय घ्यावा.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात मी हा प्रयोग देवळाच्या ओट्यावर करून दाखवला. तीन बाटल्या घेतल्या. एकीत औषध टाकलेले नळाचे पाणी. दुसरीत एका ओढ्याच्या डोहातले पाणी. तिसरीत त्याच डोहातले, पण उकळून थंड केलेले पाणी.

एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, पाणी त तिन्हीतलं सारखंच दिसते. काऊन उगीच मेहनत करता?"

मी म्हणालो, "बाबा, उद्या सांजेला या."

दुसऱ्या दिवशी सांजेला पाहिले तर डोहाची बाटली काजळासारखी काळी झाली होती. बाकी दोन जशाच्या तशा होत्या. आजोबा बराच वेळ त्या बाटलीकडे पाहत राहिले.

"म्हंजे मी लहानपणापासून हेच पेत आलो? मंग मले काऊन काही झालं नाही?"

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही अंगाने मजबूत, म्हणून टिकलात. जी लहानपणीच गेली, ती हे सांगायला इथे नाहीत."

ओट्यावर कोणी बोलेना. मग आजोबा हळूच म्हणाले, "माही एक बहीन गेली होती. तीन वर्साची होती. हगवणीनंच गेली."

मंडळी, या बाटलीची एक मर्यादाही सांगतो. ती 'आहे' की 'नाही' एवढेच सांगते. किती आहे ते सांगत नाही. उघड्या नदीच्या पाण्यात थोडीफार घाण असतेच, त्यामुळे तिथे बाटली बहुधा काळी होते. म्हणून उघडे पाणी कधीही तसेच पिऊ नये. आंघोळीला ते योग्य की नाही, हे ठरवायला जंतू मोजावे लागतात. ते काम प्रयोगशाळेचे. आणि काळ्या झालेल्या बाटलीत जंतू लाखांनी वाढलेले असतात. त्यात ब्लीचिंग पावडरचे पाणी घालून ते दूर खड्ड्यात पुरावे. बाटली मुलांच्या हाती देऊ नये.

कोणी विचारील, मग नदीतच ब्लीचिंग पावडर टाकली तर? तसे करू नये. विहिरीचे पाणी एका जागी असते, तिथे औषध काम करते. नदीत ते वाहून जाते. डोहात जास्त टाकले तर मासे मरतात. नदीत औषध टाकून भागत नाही. घाण येण्याची वाटच बंद करावी लागते.

पाण्याचा हजेरीपट

मी चाळीसेक वर्षे शाळेत हजेरी घेतली. एखादा मुलगा एक दिवस हजर दिसला, म्हणून तो नियमित आहे असे मी कधी म्हटले नाही. महिन्याचा हजेरीपट पाहिल्यावर खरे कळते. पाण्याचेही तसेच आहे. एकदा तपासले आणि चांगले निघाले, एवढ्याने भागत नाही. दर महिन्याला, त्याच जागी, त्याच रीतीने तपासले पाहिजे आणि वहीत लिहून ठेवले पाहिजे. यालाच पाण्यावर नजर ठेवणे म्हणतात.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ हेच काम करते. आपल्या जिल्ह्यात मलकापूर तालुक्यातल्या धुपेश्वरला पूर्णा नदीचे पाणी हे मंडळ तपासत असते. पण मंडळ प्रत्येक ओढ्यावर आणि प्रत्येक डोहावर कसे पोचणार? तिथे गावानेच डोळा ठेवला पाहिजे.

नमुने तीन जागी घ्यावेत. एक गर्दीच्या वर, एक गर्दीच्या जागी, एक खाली. वरचे पाणी चांगले आणि खालचे वाईट निघाले, तर घाण आपणच केली. वरचेच वाईट निघाले, तर घाण वरून येते आहे. नुसत्या एका नमुन्यावरून हे कळले नसते. १९८९ साली वरच्या वळणाचे पाणी कोणी तपासले असते तर माझी मुले आजारी पडली नसती.

यात्रेच्या आधी आणि नंतर तपासावे. पहिल्या पावसानंतर अवश्य तपासावे. पहिला पाऊस माळावरची सगळी घाण धुऊन नदीत आणतो.

नारू कसा गेला?

नजर ठेवल्याने काय होते, असे कोणी विचारील. त्याला नारूची गोष्ट सांगा.

नारू हा लांब दोऱ्यासारखा किडा. तो माणसाच्या पायातून बाहेर पडे. महिनोन् महिने माणूस खाटेवर पडून राही. पेरणी राही, सोंगणी राही. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या पायातून नारूची पिल्ले पाण्यात जात. ती पाण्यातल्या बारीक पिसवा खात. ते पाणी जो पिई त्याला वर्षभराने नारू होई. म्हणजे एकाने पाय बुडवले आणि दुसरा आजारी पडला.

सरकारने १९८३-८४ पासून मोहीम काढली. घरोघर जाऊन रोगी शोधले. पाणी कापडाने गाळून प्यायला शिकवले. पायविहिरी बंद केल्या किंवा सुधारल्या. प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली. १९९६ साली देशातला शेवटचा रोगी सापडला. त्यानंतरही लोक सावध राहिले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. नारूवर लस नव्हती आणि रामबाण औषधही नव्हते. नजर, नोंद आणि गाळणी यांनीच तो गेला.

आता आपण काय करावे?

आपल्या गावी सोनाजी महाराजांची यात्रा भरते. वारीला शनिवार असतो. पाहुणे येतात. त्यांना चांगले पाणी मिळावे, ही गावाची अब्रू आहे. गाडगेबाबा जत्रेच्या गावी गेले की आधी हातात खराटा घेत. आपणही आधी काठ झाडावा.

२०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले. प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवावे, असे त्यात ठरले आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामसभेत विचारा. वही कुठे आहे, तेही विचारा. आता तुम्हाला वाचता येते. वही मागून घ्या आणि वाचा. निकाल देवळाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावा. पाणी खराब असेल तर तेही लिहायला लावा. झाकून ठेवलेला निकाल कोणाच्या उपयोगाचा नाही.

१९८९ साली त्या नदीच्या काठी एक फळा असता आणि त्यावर 'हे पाणी पिऊ नये' एवढी अक्षरे असती, तर मी ती वाचली असती. फळा नव्हता. तुमच्या नदीकाठी तो लावा. तुमची मुले ती अक्षरे वाचतील.

लक्षात ठेवा

१. नितळ दिसणारे पाणी निर्मळ असेलच असे नाही.

२. सहलीला पिण्याचे पाणी घरून न्यावे. सरले तर उकळून घ्यावे.

३. नदीत आंघोळ करताना पाणी तोंडात घेऊ नये. अंगावर जखम असेल तर उतरू नये.

४. जोराचा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस नदीत डुंबू नये.

५. नदीकाठी बहिर्दिशेला बसू नये. पत्रावळी, निर्माल्य आणि उष्टे पाण्यात टाकू नये. नदीत गाड्या धुऊ नयेत.

६. जुलाब लागल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून ते वरचेवर पाजावे. मूल मलूल झाले तर लगेच दवाखान्यात न्यावे.

वाचा आणि सांगा

१. नितळ पाणी आणि निर्मळ पाणी यांत फरक काय?

२. ई-कोलायला वाघाचे पाऊल का म्हटले आहे?

३. लोणारचे पाणी गुलाबी का झाले?

४. नमुने वर, मध्ये आणि खाली असे तीन जागी का घ्यावेत?

५. तुमच्या गावाच्या पाण्याची वही कोणाकडे आहे? ती तुम्ही वाचली का?